सांध्याची निवड : घरगुती प्लास्टिक जलवाहिन्यांविषयी

घरगुती नळजोडणीचे काम करणारे कारागीर, अभियंते आणि विक्रेते ज्या परिषदेत एकत्र आले आहेत, तिच्या अध्यक्षपीठावरून प्लास्टिक पाइपांच्या सांध्यांचा विषय मांडणे अगत्याचे आहे, कारण घरातली गळती पाइपाच्या मधल्या भागातून क्वचितच सुरू होते. ती बहुधा सांध्यावर सुरू होते, आणि सांधा प्लास्टरखाली बुजवलेला असला, तर पलीकडच्या खोलीच्या रंगाला पोपडे धरेपर्यंत तिचा पत्ताही लागत नाही. सांध्याची पद्धत कारागिराच्या सवयीवर किंवा दुकानात त्या दिवशी मिळालेल्या मालावर न सोडता, पाइप कोणत्या प्लास्टिकचा आहे आणि त्या जागी पुढे कधी पाना लावता येणार आहे की नाही, या दोन प्रश्नांवरून ती ठरवावी, असे येथे प्रतिपादन आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र देते. थंड पाण्यासाठी वापरले जाणारे यूपीव्हीसी, म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये न मिसळलेले कडक पीव्हीसी, आणि गिझरच्या पाण्यासाठी वापरले जाणारे सीपीव्हीसी, म्हणजे क्लोरिनचे प्रमाण वाढवून अधिक उष्णता सोसण्याजोगे केलेले पीव्हीसी, ही दोन्ही टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकांत विरघळतात. बाजारात ज्याला सर्रास ‘सोल्युशन’ म्हणतात, ते सॉल्व्हंट सिमेंट पाइपाचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग मऊ करते, ते दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर तेथे एकजीव प्लास्टिक उरते. पीपीआर, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा एक प्रकार, आणि टाकीकडे येणाऱ्या काळ्या पाइपाचे एचडीपीई मात्र या द्रावकांना दाद देत नाहीत. पीपीआरसाठी सुमारे २६० अंश सेल्सियसला तापलेल्या साच्यावर पाइप आणि फिटिंग एकाच वेळी वितळवून जोडावे लागते. हा सांधा उत्तम असतो, परंतु यंत्र आणि सरावाचा हात नसेल तर घरमालकाने त्या वाटेला जाऊ नये.

यूपीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला फासणे ही यातली सर्वांत घातक काटकसर होय. आयएस ४९८५ या मानकातील यूपीव्हीसी पाइप ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे, तर आयएस १५७७८ या मानकातील सीपीव्हीसी गरम आणि थंड अशा दोन्ही पाण्यांसाठी आहे. तेव्हा गरम पाण्याच्या वाहिनीत पाइप योग्य आणि सोल्युशन अयोग्य असले, तर त्या वाहिनीची ताकद सांध्याच्या ताकदीएवढीच राहते.

सोल्युशनचा सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा डबा उघडण्यापूर्वीच. हॅक्सॉने तिरका कापलेला पाइप फिटिंगमध्ये एका बाजूने अपुरा बसतो, आणि कापलेल्या कडेवर राहिलेला बुरा पाइप आत सरकताना लावलेले सोल्युशन खरवडून पुढे ढकलतो. म्हणून काप काटकोनात असावा आणि बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करावी. फिटिंगचे तोंड आत निमुळते होत जाते, त्यामुळे कोरडा पाइप साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत गेल्यावर अडायला हवा; तो सैल तळापर्यंत गेला, तर ती जोडी वापरू नये. दोन्ही पृष्ठभागांना सोल्युशन लावल्यावर पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत बसवावा आणि सुमारे ३० सेकंद तसाच दाबून धरावा, कारण निमुळते तोंड त्याला मागे लोटत असते. सांध्याभोवती सलग, एकसारखी कडी दिसली तर सोल्युशन पुरेसे लागले आहे असे समजावे; आणि डब्यातले सोल्युशन जेलीसारखे झाले असेल, तर त्यात पातळ करणारे काहीही न घालता ते टाकून द्यावे.

दुसरा प्रश्न जागेचा आहे, आणि तेथे तडजोडीला वाव नाही. युनियन, आवळून बसणारे सांधे आणि आट्यांचे सांधे, म्हणजे पेच कापलेले सांधे, सोयीचे असले तरी ते कधीतरी पुन्हा आवळावे लागतात, म्हणून त्यांची जागा हात पोहोचेल तेथेच असावी. नळ किंवा गिझरची जोडणी करताना प्लास्टिकच्या आट्यांऐवजी पितळी आटे बसवलेले फिटिंग घ्यावे, कारण प्लास्टिकच्या मादी आट्यांत धातूचा निपल पान्याने कचकचून आवळला, तर तडा त्याच दिवशी दिसेल असे नाही; ताण साठत जातो आणि फिटिंग पुढे कधीतरी उभे चिरते. जुन्या लोखंडी पाइपांच्या काळातला धागा आणि सफेदा सीपीव्हीसीवर वापरू नये, कारण तेलकट लेप त्या प्लास्टिकला ठिसूळ करू शकतात. टेफ्लॉन टेप, तोही बेताचा, पुरे होतो.

भिंतीतल्या वाहिनीची चर बुजवण्यापूर्वी, सोल्युशन सुकण्याची मुदत संपल्यावर, पाण्याने दाब देऊन तपासणी करावी. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा आणि वाहिनीतली हवा आधी पूर्ण काढावी. हवेच्या दाबाने तपासणी करण्याचा मोह टाळावा, कारण दाबलेल्या हवेने फुटलेल्या प्लास्टिकचे तुकडे माणसाला जखमी करतात. सोल्युशन सुकण्याची मुदत तापमान आणि पाइपाच्या व्यासाप्रमाणे बदलते, थंडीत लांबते, आणि तिचा तक्ता उत्पादक देतात. तो तक्ता प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत छापला जावा, आणि तो वाचून दाखवल्याशिवाय विक्रेत्याने डबा हातात देऊ नये, अशी मागणी या परिषदेने ठराव करून उत्पादकांपुढे आणि विक्रेत्यांपुढे ठेवावी.