सरकारी नोकरीतील अन्याय आणि तक्रारीची मुदत

(संस्थेच्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली, तेव्हा हा विषय मी स्वतःहून मागून घेतला. आपल्या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले-मुली आज तहसील कचेरीत, पोलिसात, पोस्टात, रेल्वेत आणि सरकारी दवाखान्यात नोकरीला आहेत. परीक्षा कशी द्यावी, मुलाखतीला कसे जावे, हे आपण त्यांना सांगतो. परंतु नोकरी लागल्यावर तेथे पक्षपात झाला तर काय करावे, आणि मुख्य म्हणजे किती दिवसांत करावे, हे कोणी सांगत नाही. मी वकील नाही, बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा हक्क मला माझ्याच एका चुकीने दिला आहे. ती चूक आधी सांगतो.

माझे मामू एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होते. २०११ साली त्यांना डावलून त्यांच्याहून सेवेने कनिष्ठ असलेल्या गृहस्थांना बढती मिळाली. कारण कोणी सांगितले नाही. मी तेव्हा बी. एड. करीत होतो. अक्षर बरे, भाषा बरी, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ऑगस्ट २०११ मध्ये पहिला अर्ज गेला. उत्तर नाही. मग स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन, अशी चार वर्षांत सात स्मरणपत्रे मी लिहिली. प्रत्येक वेळी मामू म्हणत, "बेटा, जरा नरम लिही, साहेब नाराज होता कामा नयेत." मी नरम लिहीत असे.

२०१५ साली आम्ही शहरातील एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी सर्व कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "पहिला अर्ज केव्हाचा?" तारीख ऐकून ते म्हणाले, "विलंब माफ करावा असा अर्ज करता येईल, पण कारण काय लिहू? उत्तराची वाट पाहत होतो, हे कारण चालत नाही." मामूंनी कागद पिशवीत भरले. ते त्याच पदावरून निवृत्त झाले आणि त्यांचे पेन्शनही त्याच पगारावर ठरले. त्यांची बाजू खरी होती की खोटी, हे तपासलेच गेले नाही. याचेच मला दुःख आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेचे १६ वे कलम सांगते की सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाशी भेदभाव करता येणार नाही. हक्क मोठा आहे. पण तो मागण्याच्या दाराला वेळ ठरलेली आहे. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तक्रारींसाठी वेगळी न्यायाधिकरणे झाली. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी केंद्रीय न्यायाधिकरण, म्हणजे 'कॅट', आणि आपल्या राज्य सरकारच्या नोकरांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'. मॅटचे काम मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे चालते.

या कायद्याचे २० वे कलम सांगते की आधी खात्यातील मार्ग चोखाळा. सेवानियमांनी दिलेले अपील किंवा निवेदन वरिष्ठांकडे करा. २१ वे कलम मुदत सांगते. अपिलावर अंतिम हुकूम झाला, तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणात गेले पाहिजे. उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहावी आणि ते संपल्यापासून एक वर्षाच्या आत जावे. म्हणजे कार्यालय गप्प बसले तर एकूण अठरा महिने.

हा हिशेब मामूंच्या प्रकरणाला लावून पाहा. अर्ज ऑगस्ट २०११ चा. सहा महिने फेब्रुवारी २०१२ मध्ये संपले. तेथून एक वर्ष, म्हणजे फेब्रुवारी २०१३. मी तिसरे स्मरणपत्र लिहिले तेव्हा दार उघडे होते. चौथे लिहिले तेव्हा ते बंद झालेले होते. पुढची सगळी स्मरणपत्रे मी बंद दारावर चिकटवीत होतो.

आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे की अर्ज देत राहिले म्हणजे प्रकरण 'जिवंत' राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ साली एस. एस. राठोर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात हे स्पष्ट केले आहे, की कायद्यात सांगितलेले अपील किंवा निवेदन एकदा झाले की वारंवार केलेल्या अर्जांनी मुदत वाढत नाही.

खात्यांतर्गत अपिलाची मुदत तर याहून लहान असते. केंद्रीय नोकरांच्या १९६५ च्या शिस्तविषयक नियमांत शिक्षेच्या हुकमाविरुद्ध अपील पंचेचाळीस दिवसांत करावे लागते. गोपनीय अहवालाचेही तसेच. पक्षपात करणारा मनुष्य तोंडाने काही बोलत नाही; तो अहवालात शेरा हलका लिहितो आणि बढतीच्या वेळी तो शेरा पुढे येतो. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक शेरा नोकराला कळवला पाहिजे. त्यानंतर केंद्राने २००९ साली ठरवले की अहवालाची प्रत द्यावी आणि त्यावर नोकराने पंधरा दिवसांत म्हणणे मांडावे. तेव्हा अहवाल हाती आला की सही करून कपाटात ठेवू नका, वाचा.

भगिनींसाठी एक वेगळी तारीख सांगतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून, किंवा घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. अडचण खरी असेल तर समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत देऊ शकते. आणि आपण जे खासगी शाळांतील शिक्षक आहोत, त्यांना मॅटचे दार नाही. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावलणे याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे हुकूम मिळाल्यापासून फक्त तीस दिवसांत अपील करायचे असते. म्हणून आपले दार कोणते हे आधी विचारून घ्यावे.

कोणी म्हणेल, अन्याय हा अन्यायच. त्याला तारीख कशाला? अमेरिकेतही केंद्र सरकारच्या नोकराला भेदभावाची तक्रार असेल तर पंचेचाळीस दिवसांत खात्याच्या समुपदेशकाकडे जावे लागते, आणि तेथे मिटले नाही तर तशी नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रीतसर तक्रार करावी लागते. कारण साधे आहे. मामूंच्या जागी जे गृहस्थ बसले, त्यांचाही चार वर्षांत संसार त्या पगारावर उभा राहिला. जुने प्रकरण उकरले तर दहा जणांची ज्येष्ठता हलते. म्हणूनच २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला. पगार किंवा पेन्शन चुकीचे ठरले असेल, तर दर महिन्याला नवे नुकसान होते आणि दुसऱ्याचे काही जात नाही. तेथे उशीर झाला तरी दाद मिळू शकते, मात्र थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांपुरतीच. ज्येष्ठता आणि बढतीच्या बाबतीत ही सवलत नाही.

आता थोडे आपल्या स्वभावाविषयी. आपण उशीर का करतो? साहेबांची खप्पामर्जी होईल, बदली होईल, ही भीती. साहेब बदलले की होईल, ही आशा. कोणा ओळखीच्या माणसाने 'मी बोलतो' म्हटलेले असते, ही भिस्त. आणि दुसऱ्या टोकाला काही जण कागद न पाहताच 'आपल्या नावामुळेच झाले' असे म्हणून घरी कुढत बसतात. दोन्ही चूक. आधी सेवाज्येष्ठता यादी पाहा, बढतीचे नियम पाहा. कधी कधी दुसरा खरोखरच ज्येष्ठ निघतो. मग मनातील विष तरी जाते. आणि यादी आपल्या बाजूने असेल, तर भीड सोडून वेळेत दाद मागा. दाद मागणे म्हणजे बेअदबी नव्हे.

माजी विद्यार्थ्यांना शिक्षक या नात्याने थोडा गृहपाठ देतो. एक वही करा. प्रत्येक हुकूम हाती आला ती तारीख लिहा. पाकीटही जपून ठेवा. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात कोणता नियम मोडला ते लिहा. नुसती विनवणी नको. पदोन्नती समितीचे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात, पण त्या उत्तराची वाट पाहण्यात मुदत थांबून राहत नाही हे विसरू नका. सहा महिने संपले त्या दिवशी आठवे, नववे स्मरणपत्र लिहू नका, वकिलाकडे जा.

मामू आता घरीच असतात. ती पिशवी अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. कोणी मला अर्ज लिहून द्या म्हणून आले, की मी मजकूर नंतर विचारतो, आधी तारीख विचारतो. आपणही तसेच करावे, एवढीच विनंती.