पुढच्या वर्षाचा अंदाज उधारीच्या वहीत

पुढचं वर्ष कसं जाईल, असं मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकाला विचारलं, की तो सुताचा भाव, वीजबिल आणि मागणीबद्दल बोलतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी आधी उधारी विचारतो. ऑर्डर वाढली आणि पैसे अडकले, तर त्या ऑर्डरनंच कारखाना बुडतो. मजुरी दर आठवड्याला द्यावीच लागते.

2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी फार तर 45 दिवसांत द्यायचे असतात. 2023 च्या अर्थसंकल्पानं त्याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदत चुकवली, तर पैसे देईपर्यंत खरेदीदाराला ती रक्कम खर्चात धरता येत नाही. उशिरावर चढं व्याजही आहे. व्याज नको असेल, तरी वेळेवर मुद्दल मिळण्याचा हक्क का सोडायचा?

पैसे मागितले तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे. म्हणून बोलायचं काम बिलावर सोपवा. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तो क्रमांक आणि देय तारीख प्रत्येक बिलावर छापा. या आठवड्यात अब्बांच्या वहीतली उधारी तारखेनुसार मांडा. मग पुढच्या वर्षाबद्दल बोलू.