बोकड कण्हतोय? आधी लघवी होते का ते बघा

दिवेलागण झाली, शेरडं रानातून घरी आली असतील. आजचा विषय जरा लाजायचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज बोकडाच्या लघवीबद्दल बोलायचंय. घरात दीर, सासरे बसले असतील तर बसू द्या, रेडिओचा आवाज बारीक करू नका. ह्याच लाजेपायी आमच्या गटातल्या एका काकूंचा बोकड गेला.

आमच्या गटात आम्ही अकराजणी. दोन वर्षांपूर्वी चौघींनी गटातून कर्ज उचललं आणि उस्मानाबादी जातीची बोकडाची पिल्लं घेतली. लहानपणी खच्ची करायची, चांगला खुराक द्यायचा आणि बकरी ईदच्या बाजारात विकायची, असा बेत. गटाचं काम आमच्याकडे, शिक्षण बी.ए., त्यामुळे खुराकाचा हिशोबही आम्हीच मांडून दिला. मक्याचा भरडा किती, गव्हाचा कोंडा किती, महिन्याला वजन किती वाढेल, सगळं वहीत लिहिलं. त्या वहीत पाण्याचा आणि मिठाचा मात्र एक शब्द नव्हता.

बोकड दिसायला लागले एकदम तुकतुकीत. येणारा-जाणारा थांबून बघायचा. काकूंचा तर सगळ्यांत उजवा. त्या माउलीनं स्वतः कोरडी भाकरी खाल्ली असेल, पण बोकडाच्या घमेल्यात जवळजवळ किलोभर भरडा-कोंडा रोज पडायचा. रानात सोडला तर वजन उतरेल म्हणून त्याला दावणीलाच ठेवला होता. ओला पाला नाही, कडबाही नावालाच. थंडीचे दिवस, बादलीतलं पाणी गारठलेलं. बोकड तोंड लावायचा आणि बाजूला व्हायचा. काकूंना वाटायचं, थंडीत कशाला लागतंय पाणी!

एका सकाळी तो पाठीला बाक काढून, मागचे पाय लांब ताणून उभा. शेपूट सारखी हलतेय, कुंथतोय, मधेच ओरडतोय, दात खातोय, मागच्या पायानं पोटाला लाथा मारतोय. काकूंनी आम्हाला बोलावलं. आम्ही बघितलं आणि सांगितलं, लेंडी अडकली असेल. अर्धा पेला गोडं तेल पाजलं. संध्याकाळी परत पाजलं. शेजारच्या आजींनी दृष्ट काढली. जमलेल्यांनी पोट दाबून बघितलं, शेपटी उचलून बघितली. पोटाखाली वाकून बघितलं नाही ते कुणीच. पुढं अंगणात चार पुरुष बसलेले, त्यांच्यासमोर बाईमाणसानं बोकडाच्या तिथं हात लावून बघायचं कसं? काकू नंतर आम्हाला म्हणाल्या, “सकाळपासून जमीन कोरडी होती, मला दिसत होतं गं. पण बोलू कसं?”

दुसऱ्या दिवशी तो गप्प झाला. कुंथायचा थांबला, ओरडायचा थांबला. उतार पडला म्हणून आम्ही सगळ्या सुटलो. ताई, ही गोष्ट नीट ऐका. तो उतार नव्हता. आत लघवीची पिशवी फुटली होती. तुंबलेली लघवी पोटात पसरली, ताण गेला, म्हणून दुखणं काही वेळ कमी झालं. मग पोट दोन्ही बाजूंनी रांजणासारखं सुटलं, खाणं बंद झालं आणि तिसऱ्या रात्री तो गेला. डॉक्टर आले ते मेल्यावरच, कारण आम्ही त्यांना बोलावलंच उशिरा. त्यांनी फाडून दाखवलं. पोटात लघवीचं पाणी, आणि मूत्रनळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान खडा. एवढ्याशा खड्यानं तीस किलोचं जनावर मारलं.

शेळीला असं सहसा होत नाही. तिची लघवीची वाट आखूड आणि रुंद असते, बारीक खडा निघून जातो. बोकडाची वाट लांब, अरुंद, मधे इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेतलेली, आणि शेवटी टोकाला एक बारीक धाग्यासारखी शेपटी असते. खडा एकतर त्या वळणात अडकतो, नाहीतर त्या धाग्यात. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची तर ही वाट पुरती वाढतच नाही, अरुंद राहते. आमची पिल्लं दीड महिन्याची असतानाच आम्ही चिमटा लावून घेतला होता. लवकर उरकलं की बरं, असं वाटलं होतं.

आता खडा होतो कसा? डॉक्टरांनी आमच्या वहीवरच बोट ठेवलं. मका, गहू, ज्वारी, बाजरी, कोंडा ह्या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. जनावराच्या पोटात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट जायला पाहिजे, आमच्या खुराकात गणित उलटं होतं. शेळी-बोकड पाला, कडबा चावून रवंथ करतात तेव्हा तोंडात लाळ सुटते आणि जास्तीचा फॉस्फरस लाळेतून पोटात आणि पुढं लेंडीतून बाहेर जातो. चारा कमी झाला की रवंथ कमी, लाळ कमी. मग तो फॉस्फरस लघवीत उतरतो. त्यात पाणी कमी पिलं की लघवी घट्ट होते आणि तळाला जसा गाळ बसतो तसे खडे धरतात. म्हणजे जो खुराक आम्ही मायेनं आणि वजनाच्या आशेनं घातला, त्यानंच खडा धरला.

इथं एक बोलून टाकतो. पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची ही सवय आपली बायकांचीही आहे. खुरपायला गेलो की आडोसा नाही, बाजारात सोय नाही, म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतो आणि मग जळजळ, कळा घेऊन कुणाला न सांगता बसतो. त्यावर डॉक्टरबाईंना बोलावून वेगळा कार्यक्रम करायचा आहे. आज बोकडाकडेच राहू.

त्या बोकडानंतरच्या गटाच्या बैठकीत वातावरण तंग होतं. काकूंच्या डोक्यावर आठ हजारांचं कर्ज, आणि दावण मोकळी. काहीजणी म्हणाल्या, हप्ता चुकला तर दंड सगळ्यांना सारखाच हवा. एकीनं म्हटलं, तेल पाजायला कुणी सांगितलं होतं? ते आम्हीच सांगितलं होतं. खुराकाचा हिशोबही आमचाच. तसं बैठकीत कबूल केलं आणि तसंच इतिवृत्तात लिहिलं. काकूंचे चार हप्ते पुढं ढकलायचे, दंड घ्यायचा नाही, असं शेवटी ठरलं. दोघी नाराज राहिल्या, त्या अजूनही थोड्या नाराज आहेत.

पण राहिलेल्या तीन बोकडांचं काय? खुराक तोच होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी बघा. शेळी-बोकड उठले की बहुतेक वेळा आधी लघवी करतात. तेव्हा उठवायचं आणि कोरड्या जमिनीवर उभं करून बघत राहायचं. धार लागते का, की थेंब थेंब पडतंय? लाल रंग दिसतो का? आणि पोटाखाली, लघवीच्या जागेवरच्या केसांना हात लावायचा. केस कोरडे आणि हाताला वाळूसारखी कचकच लागली तर खडे धरायला लागलेत असं समजायचं. पहिल्या दिवशी आम्हीसुद्धा इकडंतिकडं बघूनच हात लावला. आठवड्यात सवय झाली. आता पुरुष बसलेले असले तरी आमच्या बाया वाकून बघतात, आणि तेही आता हसत नाहीत.

महिनाभरात दुसऱ्या एका ताईचा बोकड अडकला. ह्या वेळी सकाळी सातला कळलं आणि दहाला डॉक्टर दारात होते. बोकडाला माणसासारखं ढुंगणावर बसवलं, दोघींनी धरलं. डॉक्टरांनी लघवीचं टोक बाहेर काढून तो धागा बघितला. खडा नेमका त्यातच होता. भूल देऊन धागा कापला आणि काय सांगावं, सरळ धार लागली! ताई तिथंच खाली बसून रडली.

पण खोटी आशा लावायची नाही म्हणून पुढचंही सांगतो. वर आणखी खडे असतील तर वाट पुन्हा बंद होते. तशी ती आठव्या दिवशी झाली. मग गाडी करून त्याला शस्त्रक्रियेला नेलं. आपल्याकडे उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सातारा भागातल्या बहिणींना शिरवळ आहे. पोटातून लघवीच्या पिशवीत रबराची नळी बसवतात. लघवी त्या नळीनं बाहेर पडत राहते, तोवर खालच्या वाटेला विसावा मिळतो, आणि खडे विरघळायला तोंडातून औषध देतात. ते औषध म्हणजे अमोनियम क्लोराईड, आपला नवसागर. कल्हईवाला भांड्याला लावतो तोच, आणि हातभट्टीत टाकतात म्हणून बदनाम झालेला. म्हणून दुकानातून खडा आणून घरी कुटून पाजू नका. डॉक्टर शुद्ध औषध देतात आणि वजनावर माप ठरवतात. जास्त झालं तर जनावर त्यानंच दगावतं.

नळी असताना सांभाळणं हे खरं काम. बोकड नळी चावतो, भिंतीला घासतो, म्हणून ताई आणि तिची सासू आळीपाळीनं रात्री जागल्या. खाली रोज कोरडं पोतं. जखमेवर माशी बसू द्यायची नाही, नाहीतर किडे पडतात. लेकरांना जवळ जाऊ द्यायचं नाही. नळीतून थेंब पडतोय ना हे दिवसातून चार-पाचदा बघायचं, थांबला तर लगेच फोन. काही दिवसांनी डॉक्टरांनी नळी चिमटा लावून बंद केली, आणि बोकडानं खालून, आपल्या वाटेनं लघवी केली. मग नळी काढली. औषध चालू होतं तोवर गिऱ्हाईक येऊनही विकला नाही. औषधाचा अंश मांसात उतरतो, लोकांच्या पोटात तो घालायचा नाही.

बोकड कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर काय करू नका, तेही ऐका. तेल पाजू नका, त्यानं खडा हलत नाही आणि ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर आणखी एक दुखणं. बळंच पाणी पाजू नका, वाट बंद असताना पिशवी आणखी ताणते. लघवी सुटायचं इंजेक्शन कुणी गावात फिरणारा देतो म्हणाला तर नको म्हणा, त्याचंही तेच होतं. पोट दाबू नका. हा तासांचा खेळ आहे. सकाळी दिसलं तर दुपारपर्यंत डॉक्टर पाहिजे. दवाखाना लांब असेल तर 1962 ह्या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन लावा. आणि फोनवर “बोकड आजारी आहे” एवढंच सांगू नका. “खच्ची बोकड आहे, सकाळपासून लघवी नाही,” असं शब्दांत सांगा. आमच्या काकूंच्या तोंडून हेच वाक्य निघालं नव्हतं.

आमच्या वहीतलं नवं पान असं आहे. मोठ्या बोकडाला भरडा-कोंडा मिळून दिवसाला पाव किलोच्या आसपास, त्यावर नाही. बाकी पोट चाऱ्यानं भरायचं. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, कडबा, सुबाभूळ, शेवरी, बोर-बाभळीचा पाला. लसूणघास चांगला, पण नुसता तोच नको, त्यानं कॅल्शियमचे खडे धरतात. किलोभर भरड्यात दोन-तीन चहाचे चमचे मीठ, म्हणजे तहान लागते. पण मीठ घातलं तर पाणी समोर असलंच पाहिजे, दिवसाला 3 ते 4 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शेरडं घाण पाणी पीत नाहीत, म्हणून बादली रोज घासायची. थंडीत पाणी कोमट करून ठेवायचं. चुलीच्या मागल्या वैलावर एक पातेलं ठेवलं की तेवढं होतं. पिल्लांचं खच्चीकरण आता आम्ही चार-पाच महिन्यांच्या आत करत नाही, तेही डॉक्टरांना विचारून.

वजन थोडं कमी भरतं, हे खरं. गेल्या ईदला आमचे बोकड बाजारात दुसऱ्यांपेक्षा बारीक दिसत होते आणि भावही थोडा कमी आला. शस्त्रक्रियेच्या बोकडाचा तर गाडीभाडं आणि औषध वजा जाता नफा फारसा राहिलाच नाही, कर्ज तेवढं फिटलं. काकूंचे अजून दोन हप्ते बाकी आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा एक पिल्लू घेतलं. आम्ही सकाळी गेलो तर त्या दावणीपाशी वाकून बसलेल्या, अंगणात सासरे चहा पीत होते, आणि काकू तिथूनच ओरडल्या, “झाली गं लघवी, चांगली धार आहे!”