शिडाची होडी आणि आपली मुले
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी आम्हाला ‘विद्यार्थी आणि खेळ’ हा विषय दिला आहे. क्रिकेटवर बोलायला येथे बसलेला प्रत्येक जण समर्थ आहे, म्हणून आम्ही शिडाच्या होड्यांच्या शर्यतीविषयी बोलणार आहोत.

हा खेळ बड्या लोकांचा, असे आपण धरून चालतो. ही समजूत अगदीच निराधार नाही. 1982 साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. पण आपल्या वस्त्यांत त्याची चर्चा कितीशी झाली? होडीला पैसे लागतात, ती ठेवायला जागा लागते, क्लबची वर्गणी वेगळीच. समुद्र दाराशी असून उपयोग काय?

आता 2023 साल पाहा. चीनमधील हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती निंगबोजवळ शियांगशानच्या समुद्रावर झाल्या. तेथे भारताच्या चमूने 3 पदके मिळविली. विष्णू सरवणन व इबाद अली यांना कांस्य, आणि 17 वर्षांच्या नेहा ठाकूरला रौप्य. नेहा ही मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी. तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! ती तयार झाली भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये. भोपाळला पाणी आहे ते तलावाचे. त्याला ना भरती, ना ओहोटी. तिच्या आधी 2018 साली जकार्ताला हर्षिता तोमर या मध्य प्रदेशच्याच मुलीने कांस्यपदक घेतले होते. तेव्हा हा योगायोग म्हणता येणार नाही. सरकारी संस्थेने होडी दिली, प्रशिक्षक दिला, म्हणून शेतकऱ्याच्या मुलीचा हात सुकाणूपर्यंत पोहोचला.

नेहाच्या होडीच्या वर्गाचे नाव आयएलसीए-4. होडी सुमारे 4.2 मीटर लांब, शीड 4.7 चौरस मीटरचे, आणि चालविणारी एकटीच. मोठ्या वर्गांतही होडीचा सांगाडा हाच असतो, फक्त शीड 5.76 किंवा 7.06 चौरस मीटरचे लावतात. वारा समोरून असेल तर होडी सरळ जात नाही. तिला नागमोडी न्यावी लागते. प्रत्येक वळणाला शीड या अंगाचे त्या अंगाला जाते, आणि तोल राखण्यासाठी स्वतःला होडीबाहेर झोकून द्यावे लागते. वारा कुठून फिरेल याचा अंदाज तिचा तिनेच करायचा.

गुणांची पद्धत तर आम्हा बँकवाल्यांना फारच आवडली. पहिल्या क्रमांकाला 1 गुण, दुसऱ्याला 2, असे चढत जातात. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. नेहाच्या 11 शर्यती झाल्या. एकूण गुण 32, त्यांतील वाईट शर्यतीचे 5 वजा, राहिले 27. म्हणजे अकरांपैकी एकाही शर्यतीत ती पाचव्याच्या खाली गेली नाही. थायलंडची मुलगी 16 गुणांनी पहिली आली, तिची गोष्टच निराळी. पण तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे गुण 28! रौप्य आणि कांस्य यांच्यात अवघा एक गुण. कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला तर आमची संध्याकाळ जाते. तो रुपया बहुधा सकाळच्याच एखाद्या नोंदीत दडलेला असतो. नेहाचा तो एक गुण कोणत्या शर्यतीतला म्हणायचा?

आपल्याकडे मुलगी मैदानावर निघाली की घरातून पहिला प्रश्न येतो, अभ्यासाचे काय? तो प्रश्न चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर होतो आहे, त्यांना धोका पत्करणे परवडत नाही. परंतु आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात केवळ टक्केवारीचा रकाना आहे, खेळाचा नाही. तो रकाना यंदा घालावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. होडी घेणे आपल्या संस्थेच्या आवाक्यात नाही, हे आम्हाला कळते. पण शासकीय प्रशिक्षण केंद्राच्या निवडचाचणीला जाणाऱ्या मुलामुलींचा प्रवासखर्च आणि त्याआधी पोहण्याच्या वर्गाची फी, एवढे आपण निश्चित देऊ शकतो. पोहता येत नसेल तर मुलीला होडीत बसवता येणार नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करावी लागेल. या उन्हाळ्यात किती मुली नावे देतात, ते पाहू.