बहिष्कार : वस्तूंचा आणि माणसांचा
(व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेत 'बहिष्कार' या शब्दाला दोन इतिहास आहेत. पहिला लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतला. स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला बसलेला हा शब्द निःशस्त्र प्रजेचे शस्त्र होता. दुसरा इतिहास गावकुसाबाहेरचा आहे. वाण्याने सौदा न देणे, शेतावर काम न देणे, पाणवठ्याची आणि रानातली वाट बंद करणे, हाही बहिष्कारच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले ते या अनुभवातून. एक बहिष्कार सत्तेविरुद्ध दुर्बलांनी पुकारलेला. दुसरा दुर्बलांवर सत्तेने लादलेला.

धर्माच्या अवमानाला उत्तर म्हणून मुसलमान ग्राहकांनी उभारलेल्या बहिष्काराचे मूल्यमापन करताना हे दोन्ही इतिहास डोळ्यांसमोर हवेत. पुरोगामी वर्तुळांत अशा बहिष्काराविषयी दोन ठरीव प्रतिक्रिया ऐकू येतात. काहींना तो केवळ धर्मवेडाचा उद्रेक वाटतो, तर काहींना साम्राज्यशाहीविरोधी लढ्याचा नवा अवतार. दोन्ही प्रतिक्रियांत घटनांचा तपशील तपासण्याचे कष्ट टाळलेले असतात. म्हणून प्रथम तपशील पाहणे इष्ट होय.

३० सप्टेंबर २००५ रोजी डेन्मार्कमधील 'युलंड्स-पोस्टेन' या वृत्तपत्राने प्रेषित महंमदांवरील बारा व्यंगचित्रे प्रसिद्ध केली. प्रेषितांच्या जीवनावरील बालपुस्तकासाठी चित्रकार मिळत नाही, अशी एका लेखकाची तक्रार होती. तिच्यावरून अभिव्यक्तीवर भीतीचे सावट आहे की काय, याची परीक्षा घेण्याचा आपला हेतू असल्याचे पत्राचे म्हणणे होते. याच पत्राने २००३ साली येशूच्या पुनरुत्थानावरील व्यंगचित्रे मात्र नाकारली होती. त्या वेळचे डॅनिश सरकार परकीयांविरुद्ध रान उठवणाऱ्या डॅनिश पीपल्स पार्टीच्या पाठिंब्यावर उभे होते आणि डॅनिश सैन्य इराकमध्ये होते. त्यामुळे या चित्रांकडे नुसती वाङ्मयीन थट्टा म्हणून पाहणे तेथील स्थलांतरित मुसलमानांना शक्य नव्हते.

यानंतर जे घडले त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये अकरा देशांच्या राजदूतांनी पंतप्रधान आनस फॉ रासमुसेन यांची भेट मागितली. ती मिळाली नाही. मुस्लिम संघटनांनी फौजदारी तक्रार केली. जानेवारी २००६ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी ती पुढे चालवण्यास नकार दिला. दरम्यान डिसेंबरात डेन्मार्कमधील काही इमाम एक संचिका घेऊन इजिप्त आणि लेबनॉनला गेले. त्या संचिकेत वृत्तपत्राने कधीही न छापलेली, अधिक हीन अशी चित्रेही होती. त्यांतील एक तर फ्रान्समधील एका ग्रामीण स्पर्धेचे छायाचित्र होते आणि त्याचा प्रेषितांशी काहीही संबंध नव्हता. संवादाची दारे सरकारने बंद केली हे जितके खरे, तितकेच ज्यांनी तक्रार जगापुढे नेली त्यांनी तिच्यात भेसळ केली हेही खरे.

जानेवारी २००६ च्या अखेरीस सौदी अरेबियात डॅनिश मालावरील बहिष्कार सुरू झाला आणि मशिदींतील प्रवचनांतून व मोबाइलवरील संदेशांतून तो आखाती देशांत पसरला. त्याचा सर्वांत मोठा घाव 'आर्ला' या दुग्धसंस्थेवर बसला. मध्यपूर्वेत दररोज सुमारे १ कोटी क्रोनरचा माल विकणाऱ्या या संस्थेची विक्री काही दिवसांत जवळजवळ थांबली. ३० जानेवारीला वृत्तपत्राने भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. चित्रे छापल्याबद्दल केली नाही. फेब्रुवारी ते जून २००६ या पाच महिन्यांत डेन्मार्कची प्रमुख मुस्लिम देशांना होणारी निर्यात आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे १५.५ टक्क्यांनी घटली.

या बहिष्काराला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील हल्ला ठरवण्यात आले. हा आक्षेप टिकणारा नाही. छापण्याच्या स्वातंत्र्यात लोणी विकले जाण्याची हमी अंतर्भूत नसते. रियाधच्या दुकानात उभ्या असलेल्या गृहिणीने डॅनिश डबा फळीवर तसाच ठेवून शेजारचा उचलला, तर तिने कोणाच्याही हक्कावर आक्रमण केलेले नसते. ४ फेब्रुवारी २००६ रोजी दमास्कसमध्ये डेन्मार्क व नॉर्वे यांचे दूतावास जाळणारा जमाव आणि ही गृहिणी यांना एकाच पारड्यात घालणे अन्यायाचे आहे. त्या महिन्यांतील दंगलींत निरनिराळ्या देशांत शंभराहून अधिक माणसे मेली, सर्वाधिक नायजेरियात. हिंसेचा हा मार्ग डोळ्यांसमोर असताना ज्या लाखो मुसलमानांनी आपला निषेध खरेदीपुरता मर्यादित ठेवला, त्यांनी सभ्य नागरिकाचे साधन वापरले, हे मान्य केले पाहिजे. विलायती कापडाच्या होळीचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ते नाकारू नये.

साधन सनदशीर आहे, एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. घाव कोणावर बसला, हा पुढला प्रश्न आहे. आर्ला ही तेव्हा डेन्मार्क आणि स्वीडनमधील दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था होती. वृत्तपत्राच्या मालकीशी तिचा संबंध नव्हता. कोल्हापूरच्या वा संगमनेरच्या दूध उत्पादकाला या स्थितीची कल्पना सहज करता येईल. मुंबईतल्या एखाद्या वृत्तपत्राने परदेशातील कोणाचा धर्म दुखावला आणि त्याची शिक्षा म्हणून गावच्या संघाचे दूध नाकारले गेले, तर त्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागावी? आर्लाने मार्च २००६ मध्ये अरबी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन व्यंगचित्रांशी आपला संबंध नसल्याचे सांगितले, तेव्हा डेन्मार्कमध्ये तिच्यावर लाचारीची टीका झाली आणि मगच एप्रिलपासून तिचा माल हळूहळू आखाती दुकानांत परतला. वृत्तपत्राच्या कृत्यासाठी अख्ख्या राष्ट्राला दोषी धरण्याचे हे तर्कशास्त्र अखेर तेच आहे, ज्याच्या आधारे युरोपातील उजवे पक्ष एखाद्या दहशतवाद्याच्या कृत्यासाठी अख्ख्या मुस्लिम समाजाला जबाबदार धरतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोणी आणि चीज यांना बाजारात पर्याय तयार असतो. जहाजे, यंत्रे आणि औषधे यांना तो सहजी नसतो. म्हणून ग्राहकांचा बहिष्कार नेहमी सोप्या वस्तूवर तुटून पडतो आणि अवघड वस्तूला वगळतो. त्यात स्पर्धकांचे फावते. नेस्ले कंपनीने सौदी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन आपली दूधभुकटी डॅनिश नसल्याचे तत्परतेने कळवले. कार्फूर या फ्रेंच साखळीच्या तेथील दुकानांनी डॅनिश माल उतरवून ठेवला. भांडवलाला धर्म नसतो. पण धर्मभावनेच्या बाजारभावाची त्याला उत्तम जाण असते. त्याच कार्फूरवर ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रान्सविरुद्धच्या बहिष्काराची पाळी आली.

तिसरा प्रश्न संघटकांचा. सौदी अरेबियात कामगार संघटना काढण्यास बंदी आहे आणि संप करणे हा अपराध आहे. जे राज्य मजुराला वेतनासाठी एकत्र येऊ देत नाही, ते त्याच मजुराला लोण्याविरुद्ध एकत्र येऊ देते, तेव्हा त्या औदार्याचा अर्थ तपासावा लागतो. सरकारने बहिष्काराला साह्य केल्यास तो जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांचा भंग ठरेल, असा इशारा युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन यांनी दिला होता. सौदी अरेबिया त्या संघटनेचा सदस्य होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. नागरिकांचा बहिष्कार या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून राज्यकर्त्यांना तो सोयीचा होता. जॉर्डनमध्ये 'शिहान' साप्ताहिकाचे संपादक जिहाद मोमानी यांनी त्यांपैकी तीन चित्रे छापून मुसलमानांना विवेकाचे आवाहन केले, तेव्हा त्यांना नोकरी गमवावी लागली आणि अटकही झाली. अवमानाविरुद्ध लोकांचा आवाज म्हणून जे गौरवले गेले, त्यात वेगळा आवाज काढणाऱ्या मुसलमानाला जागा नव्हती.

भारतात तर याहून शोचनीय प्रकार घडला. फेब्रुवारी २००६ मध्ये उत्तर प्रदेशातील समाजवादी पक्षाच्या सरकारातील मंत्री हाजी याकूब कुरेशी यांनी मेरठ येथे व्यंगचित्रकाराच्या शिरासाठी ५१ कोटी रुपयांचे इनाम जाहीर केले. डॉ. राममनोहर लोहियांचे नाव घेणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याने खुनाची बोली लावावी आणि त्याला मंत्रिपदावरून तत्काळ दूर केले जाऊ नये, ही समाजवादी परंपरेची नामुष्की होती. बहिष्काराचा सनदशीर मार्ग उपलब्ध असताना ही भाषा वापरली गेली, म्हणून तिचा दोष दुप्पट होतो.

बहिष्काराची किंमत कोण मोजतो, याचा धडा भारताच्या इतिहासातही आहे. १९०५ नंतरच्या वंगभंग आंदोलनात विलायती मीठ-कापडावरील बहिष्कार सुशिक्षित भद्रलोकांनी पुकारला. पूर्व बंगालच्या गरीब मुसलमान कुळाला आणि फेरीवाल्याला महाग देशी कापड परवडत नव्हते. जेथे जमीनदारांनी बळजबरी केली, तेथे असंतोषाला धार्मिक वळण लागले आणि १९०७ मध्ये मैमनसिंह जिल्ह्यात दंगली उसळल्या. रवींद्रनाथांनी या बळजबरीविषयीची आपली अस्वस्थता 'घरे बाइरे' या कादंबरीत मांडली. ध्येय उदात्त असले, तरी ज्याला पर्याय परवडत नाही त्याच्यावर लादलेला बहिष्कार जुलूमच होतो.

२०२२ साली हा प्रश्न भारताच्या दारात आला. मे महिन्याच्या अखेरीस भारतीय जनता पक्षाच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी दूरचित्रवाणीवर प्रेषितांविषयी अवमानकारक विधाने केली. देशातील मुसलमानांच्या तक्रारींची दखल आठवडाभर घेतली गेली नाही. कतार, कुवेत आणि इराण यांनी भारतीय राजदूतांना पाचारण केले आणि त्याच दिवशी, ५ जूनला, पक्षाने त्यांना निलंबित केले. कुवेतमधील एका सहकारी ग्राहक भांडाराने भारतीय चहा व अन्य माल फळ्यांवरून उतरवला. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राबतात, त्यांत सर्व धर्मांची माणसे आहेत, आणि त्यांच्या कमाईवर केरळपासून कोकणापर्यंत असंख्य घरे चालतात. त्यामुळे ही कृती झोंबली. परंतु स्वदेशातील नागरिकाच्या शब्दाला जे वजन मिळाले नाही ते परकीय अमीराच्या नाराजीला मिळावे, यात मुसलमानांचा विजय नव्हता. भारतीय लोकशाहीचा पराभव होता. आणि अमीराचे संरक्षण किती तकलादू, हे लगेच दिसले. १० जूनच्या निदर्शनांनंतर प्रयागराज आणि सहारनपूर येथे घरांवर बुलडोझर चालले, तेव्हा कोणत्याही राजदूताला पाचारण झाले नाही. त्याच महिन्यात अमरावती येथे एका औषधविक्रेत्याचा आणि उदयपूर येथे एका शिंप्याचा या प्रकरणावरून खून झाला. ज्यांनी अवमानाचा निषेध शांततेने चालवला होता, त्यांच्या पायाखालची जमीन या खुन्यांनी काढून घेतली.

याच वर्षाच्या मार्चमध्ये कर्नाटकात उडुपी, शिवमोग्गा आदी ठिकाणच्या देवस्थानांच्या जत्रांत मुसलमान विक्रेत्यांना दुकाने मांडण्यास मज्जाव करण्यात आला. त्यालाही बहिष्कारच म्हटले गेले. येथे मूळ भेद स्पष्ट होतो. कृत्यावरील बहिष्काराला मागणी असते. ती पुरी झाली की तो संपतो. ओळखीवरील बहिष्काराला मागणीच नसते. जत्रेतल्या बांगडीवाल्याने काय केले म्हणजे त्याला पुन्हा पाल ठोकू देतील, याचे उत्तर कोणी देत नाही, कारण त्याचा अपराध त्याचा जन्म हाच मानलेला असतो. हा टिळकांचा बहिष्कार नसून गावकीचा बहिष्कार होय. डॅनिश शेतकऱ्याला केवळ डॅनिश म्हणून शिक्षा करणारे या दुसऱ्या प्रकाराच्या किती जवळ गेले होते, हे मुसलमान मित्रांनीही पाहावे. कारण हे हत्यार अल्पसंख्याकांच्या हाती बोथट आणि बहुसंख्याकांच्या हाती धारदार असते.

मुस्लिम समाजाला या हत्याराची दुसरी धार परिचित आहे. दाऊदी बोहरा सुधारकांना धर्मगुरूंच्या सामाजिक बहिष्काराने नातेवाईक, मशीद आणि दफनभूमी यांना पारखे केले. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो अमलात आणण्याचे काम कार्यकर्त्यांपुढे आहे.

अखेर फलिताचा हिशेब. डेन्मार्कने २०१७ साली धर्मनिंदेचे कलम रद्द केले आणि कुराणाच्या प्रती जाळण्याच्या प्रकारांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेस बंदी घातली. परराष्ट्रसंबंधांची चिंता त्यामागे होती. मधल्या काळात, २०१८ साली, त्याच देशाने स्थलांतरितांच्या वस्त्यांसाठी वेगळे, कडक नियम करणारे कायदे संमत केले. म्हणजे ग्रंथाला संरक्षण मिळाले आणि ग्रंथ वाचणाऱ्या मजुराच्या घरावर टांगती तलवार आली. आखातातून आलेल्या दडपणाला कोपनहेगनच्या त्या मजुराचे घर कधी दिसलेच नव्हते.

म्हणून समाजवाद्यांची भूमिका निःसंदिग्ध हवी. खरेदी नाकारण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे आणि तो मुसलमानांना नाकारता येणार नाही. परंतु कोणत्याही बहिष्काराला पाठिंबा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत. त्याची मागणी स्पष्ट आहे काय? घाव अपराध करणाऱ्यावर बसतो काय? त्यात सामील न होणाऱ्याला भीती आहे काय? आणि त्याची किंमत कोणाच्या चुलीतून वसूल होते? उत्तरे समाधानकारक असतील तर पक्षाने सोबत उभे राहावे. नसतील तर मित्र म्हणून स्पष्ट बोलावे. गप्प राहून मते मिळतील, विश्वास मिळणार नाही. आणि वस्तीतल्या मुसलमान भाजीवाल्याकडे जाऊ नका असा फतवा कोणी काढील, त्या दिवशी त्याच्या गाडीशी पहिला गिऱ्हाईक म्हणून पक्षाचा कार्यकर्ता उभा असला पाहिजे.