पाऊस नसतानाचे पाणी

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावच्या नगरपालिका-महानगरपालिकांतून आलेले अभियंते, आरोग्य निरीक्षक, वास्तुरचनाकार, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि ओढ्याकाठी राहत असल्यामुळे पावसाळी पाण्याच्या विषयात आपोआप तज्ज्ञ झालेले नागरिकहो,

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी गावी असा रिवाज आहे. पुण्यातले पर्वती, शनिवारवाडा आपण पाहिलेच असतील, म्हणून मी ओढ्याचे सांगतो. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा एके काळी गावातून वाहायचा. अठराव्या शतकात पेशव्यांनी तो वळवला आणि कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले. त्यांनी ओढा हलवला, पण त्याला दुसरी वाट दिली. आम्ही त्याला भिंती दिल्या, भराव दिला, पुलाखाली राडारोडा दिला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला पूर आला तेव्हा काय झाले ते आपण वाचले आहे. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागातले कोणी इथे बसले असतील, तर त्यांना ते वाचावे लागलेले नाही.

पावसाच्या पाण्यासाठी आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे. ते नसेल किंवा बंद पडले असेल तर दंडवजा आकारणीचीही सोय आहे. शिवाय आमची महापालिका असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. प्रश्न असा, की या नियमाचा जन्म टंचाईच्या काळजीतून झाला, पुराच्या नव्हे. तो शोषखड्डा आहे का ते विचारतो. फाटकातून पाणी किती बाहेर गेले ते विचारत नाही.

जरा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस मीटरचे आवार पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटने मढवलेले असेल आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 50,000 लिटर पाणी पडते. दहा हजारी टँकरच्या भाषेत पाच टँकर. त्यातले फार थोडे मुरते. मार्चमध्ये हीच सोसायटी टँकरवाल्याला फोनवर फोन करते आणि सप्टेंबरमध्ये तासाला पाच टँकर रस्त्यावर सोडून देते. खालच्या अंगाच्या वस्तीत तेच पाणी घरात शिरते आणि बातमीत त्याला ढगफुटी म्हणतात!

हे झाले किती पाण्याचे. कसल्या पाण्याचे, हे जास्त अवघड आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, टायरची धूळ, मंडईतला कचरा असे सगळे पावसाळी गटारातून थेट नदीत जाते, मध्ये कुठेही शुद्धीकरण नाही. बांधकामावर मिक्सर धुतात ते पाणीही जवळच्या चेंबरमध्येच जाते. त्यातले सिमेंट तळाशी बसते आणि दगड होते. मे महिन्यातल्या नालेसफाईत मऊ गाळ निघतो. हा सिमेंटचा थर पहारीशिवाय हलत नाही. कागदावर वाहिनीचा व्यास तोच असतो, आत मात्र निम्माच उरतो.

आणि मग चोरजोडण्या. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी नदीकाठी जाऊन पावसाळी गटाराच्या तोंडाशी उभे राहा. महिनोन्‌महिने पाऊस नाही, तरी तिथून करडे, साबणाच्या फेसाचे पाणी वाहताना दिसेल. ते पाणी कोणाच्या तरी मोरीचे, संडासाचे, नाहीतर गाड्या धुण्याच्या धंद्याचे आहे. मुळा-मुठा नदीच्या शुद्धीकरणासाठी 990 कोटींची योजना मंजूर होऊन, नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे आखून वर्षे लोटली. पण केंद्र शुद्ध करते ते त्याच्यापर्यंत पोचलेले पाणी. पावसाळी गटारात शिरलेले त्याच्या वाटेला जातच नाही. अमेरिकेत 1987 च्या कायदादुरुस्तीने शहरांच्या पावसाळी गटारांनाही परवाना लावला, आणि त्यात अशा चोरजोडण्या हुडकणे शहरावर बंधनकारक केले. त्यासाठी कोरड्या दिवसांत गटारांच्या तोंडांची पाहणी करतात. या तपासणीला उपग्रह लागत नाही. गमबूट, वही आणि कोणाचा फोन आला तरी लिहिलेले न खोडणारा कनिष्ठ अभियंता लागतो. शेवटची वस्तू निविदेने मिळत नाही, एवढीच अडचण.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे मागतो. पावसाळी पाण्याच्या नव्या नियमांचा मसुदा करायला आपण बसणार आहात. त्यात खड्ड्यांची संख्या थोडी कमी लिहा, पण आवारातून बाहेर जाणारे पाणी बांधकामापूर्वीपेक्षा जास्त वेगाने आणि जास्त घाण होऊन जाणार नाही, ही जबाबदारी मालकावर स्पष्ट टाका. आणि कोरड्या दिवसांतली गटारांच्या तोंडांची पाहणी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या कामात घाला, तिची यादी फलकावर लावा. लोक वाचतात. पुण्यात तर चुकाही काढून देतात.

उद्या सकाळी साडेसातला आंबिल ओढ्याच्या पाहणीसाठी बस निघेल. चपला नकोत, बूट घाला. आता अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.