आपली ‘मुंबई’: एका युद्धनौकेची कहाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, पाककृती आणि हळदीकुंकू यांच्याबरोबर एखादे माहितीपर भाषणही असावे, असा आपल्या मंडळाचा पायंडा आहे. यंदा ते काम मजकडे आले. मी ‘आय. एन. एस. मुंबई’ या युद्धनौकेवर बोलणार असे कळविले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. बायकांच्या मंडळात युद्धनौकेचे काय काम, असे त्यांना वाटले असावे. माझे म्हणणे एवढेच की, ही नौका आपल्या गावात बांधली गेली, आपल्याच गावाचे नाव तिने धारण केले, आणि तिच्या हातून जी मोठी कामे झाली ती ऐकताना कोणाही आईच्या डोळ्यांत पाणी यावे अशी आहेत.

ही नौका ज्या जातीची आहे तिला आपल्या भाषेत ‘विनाशिका’ म्हणतात. नाव ऐकूनच मनात धडकी भरते. परंतु या नावाचा इतिहास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या लहान, चपळ होड्या निघाल्या आणि मोठमोठ्या जहाजांना त्यांचे भय वाटू लागले. त्या होड्यांना वाटेतच गाठून त्यांचा नाश करील अशी वेगवान नौका हवी होती. इंग्रजांनी १८९३ मध्ये ‘हॅवॉक’ नावाची अशी नौका पाण्यात उतरविली. म्हणजे मुळात विनाशिका ही मोठ्या जहाजांची पाठराखीण होय. सोबत जायचे, संकट आले तर पुढे व्हायचे, हे तिचे काम. पुढे तिचा आकार वाढला, शस्त्रे बदलली, पण मूळ काम पुष्कळसे तेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाला पहिल्या विनाशिका मिळाल्या त्या इंग्रजांच्या वापरलेल्या. १९४९ मध्ये त्या आपल्याकडे आल्या आणि त्यांना राजपूत, रणजीत व राणा अशी नावे दिली गेली. स्वतः घडविलेले जहाज हवे असेल तर गोदी हवी, कारागीर हवेत, आराखडे काढणारी माणसे हवीत. माझगावची गोदी तशी जुनी. १७७४ मध्ये तेथे एक लहान सुकी गोदी बांधली गेली होती. सरकारने १९६० मध्ये ती ताब्यात घेतली. तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली आणि गोदीतल्या माणसांचा हात बसत गेला. मग आपल्याच नौदलाच्या आराखडेकारांनी तीन मोठ्या विनाशिकांची योजना केली. पहिली ‘दिल्ली’, दुसरी ‘म्हैसूर’ आणि तिसरी ‘मुंबई’.

हे काम सरळ झाले नाही. शस्त्रे व यंत्रसामग्री यांपैकी पुष्कळ भाग सोव्हिएत संघातून यावयाचा होता, आणि १९९१ मध्ये तो संघच मोडला. कालपर्यंत एका देशात असलेले कारखाने निरनिराळ्या देशांत गेले. पत्रे कोणाला लिहावयाची, माल कोणाकडून मागावयाचा, हेच कळेनासे झाले. ‘दिल्ली’चा तळ १९८७ मध्ये बसविला होता, ती नौदलात आली १९९७ मध्ये. त्या वेळी भारतात बांधलेली ती सर्वांत मोठी युद्धनौका होती. ‘म्हैसूर’ १९९९ मध्ये आली. ‘मुंबई’चा तळ १९९२ मध्ये बसला, २० मार्च १९९५ रोजी ती पाण्यात उतरली आणि २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात दाखल झाली.

आमचे यजमान त्या काळी गोदीत वेल्डर होते. नौकेचे सांगाडे जोडले जात असताना कित्येक दिवस ते घरी येत ते डोळे लाल करून. उन्हाळ्यात पोलादी पत्र्यांच्या आत काम करणे म्हणजे तव्यावर बसणे. डबा कधी अर्धा परत येई. असे हजारो हात या नौकांना लागले आहेत. जहाज समारंभात दिसते तेव्हा पताका व बँड दिसतो, त्यामागची ही घामाची वर्षे दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

जहाज पाण्यात सोडण्याचा मान आपल्याकडे बहुधा एखाद्या स्त्रीला देतात, हेही सांगण्यासारखे आहे. मंत्र म्हटले जातात, नारळ फुटतो, आणि मग ती प्रचंड काया हळूच पाण्याकडे घसरू लागते. एका परीने ते नौकेचे बारसेच.

या नौकेची लांबी १६३ मीटर आहे आणि भार ६,७०० टनांच्या आसपास. गॅस टर्बाईनवर ती चालते. तोफ, क्षेपणास्त्रे, पाणबुडीवर मारा करण्याची साधने, आणि मागच्या बाजूस दोन हेलिकॉप्टरे राहतील एवढी जागा. साडेतीनशे ते चारशे माणसे तीवर राहतात. नौदल सप्ताहात जहाजे पाहावयास लोकांना जाऊ देतात, तेव्हा मी अशी एक नौका आतून पाहिली आहे. आतल्या शिड्या इतक्या उभ्या की नऊवारीच बरी, असे वाटले! वाटा अरुंद, निजण्याच्या जागा एकावर एक, आणि एकेका माणसाच्या वाट्याला आपल्या घरातल्या कपाटाएवढी जागा. मुदपाकखान्यात मात्र मी रेंगाळले. सकाळ, संध्याकाळ एवढ्या माणसांचा स्वयंपाक, तोही हलत्या जमिनीवर! उकळत्या आमटीचे भांडे घसरू नये म्हणून काय काय करावे लागते, ते तिथल्या आचाऱ्याने समजावून सांगितले. ही अडचण लक्षात ठेवा, कारण पुढच्या कहाणीत ती येणार आहे.

२००६ च्या जुलै महिन्यात ‘मुंबई’ इतर जहाजांसह भूमध्य समुद्रातील सदिच्छा दौरा आटोपून परतीच्या वाटेवर होती. १२ जुलै रोजी इस्राएल आणि लेबनॉनमधील हिजबुल्ला यांच्यात युद्ध पेटले. दुसऱ्याच दिवशी बैरुतच्या विमानतळाच्या धावपट्ट्यांवर बाँब पडले. लेबनॉनमध्ये आपले पुष्कळ लोक होते. बरेचसे कारखान्यांत, शेतांत आणि लोकांच्या घरी काम करून पोट भरणारे. विमाने बंद, समुद्रावर नाकेबंदी. सरकारने जहाजांना माघारी फिरण्याचा हुकूम दिला. या मोहिमेला नाव दिले ‘सुकून’, म्हणजे मनाची शांती. ‘मुंबई’बरोबर ब्रह्मपुत्र, बेतवा आणि शक्ती ही जहाजे होती.

हे काम सोपे नव्हते. बैरुतपासून जवळच १४ जुलैला इस्राएलच्या एका युद्धनौकेवर किनाऱ्यावरून आलेले क्षेपणास्त्र आदळले होते आणि तिचे खलाशी मेले होते. अशा पाण्यात परक्यांच्या भांडणात न पडता, पण सावध राहून आत शिरावयाचे होते. २० जुलै रोजी ‘मुंबई’ने बैरुतहून पहिली माणसे उचलली आणि सुमारे २०० किलोमीटरवरील सायप्रसच्या लार्नाका बंदरात नेऊन सोडली. तेथून विमानाने ती मायदेशी आली. चारही जहाजांनी मिळून सुमारे २,२८० माणसे बाहेर काढली. त्यांत भारतीयांबरोबर श्रीलंकेचे व नेपाळचे लोक होते, आणि भारतीय माणसांशी लग्न झालेले काही लेबनीही होते.

आता मघाची अडचण आठवा. जेथे चारशे माणसांना जेमतेम जागा, तेथे एकदम शेकडो पाहुणे! खलाशांनी आपल्या निजण्याच्या जागा बायकामुलांना दिल्या. मुदपाकखाना दिवसरात्र चालू राहिला. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये दिसली तेव्हा मी कडेवरच्या मुलांकडे पाहत होते आणि आमचे यजमान जहाजाच्या कुशीकडे. ‘सांधे अजून चांगले आहेत,’ एवढेच ते बोलले. मला वाटते, त्यांना मिळालेले ते सर्वांत मोठे बक्षीस.

पुढे नऊ वर्षांनी तशीच वेळ येमेनमध्ये आली. मार्च २०१५ च्या अखेरीस सौदी अरेबिया व त्याच्या मित्रदेशांनी तेथे हवाई हल्ले सुरू केले. येमेनच्या इस्पितळांत आपल्या कितीतरी परिचारिका काम करीत होत्या, विशेषतः केरळच्या. चाच्यांवर पाळत ठेवण्यासाठी जवळच असलेली ‘सुमित्रा’ ही गस्ती नौका ३१ मार्चला एडनच्या बंदरात शिरली आणि तिने ३४९ जण बाहेर काढले. ‘मुंबई’ आणि ‘तर्कश’ या मुंबईहून निघून तिकडे धावल्या. अंतर सुमारे ३,००० किलोमीटरचे.

एडन हे नाव आपल्याला परके नाही. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजांनी एडनच्याच तुरुंगात ठेवले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या बंदरात आपल्या माणसाला बेड्या घालून उतरविले होते, त्याच बंदरातून मुंबई नावाची नौका माणसांना सोडवून नेत होती, हा योग मला फार मोठा वाटतो.

४ एप्रिलला ‘मुंबई’ एडनला पोहोचली, पण धक्क्याला लागणे शक्य नव्हते. शहरात आणि बंदराभोवती गोळे पडत होते. नौका दूर समुद्रात उभी राहिली आणि लहान होड्यांतून माणसांना तिच्यापर्यंत आणले गेले. लेकरे, म्हातारी माणसे, हातात एखादी पिशवी घेतलेल्या बायका, खाली हेलकावणारे पाणी आणि वर चढावयाची शिडी. त्या दिवशी ४४१ माणसे तीवर चढली. ती १७ देशांची होती आणि त्यांत भारतीय होते १७९. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे परक्या देशांची. जिबुती बंदरात त्यांना सुखरूप उतरविले गेले. ‘राहत’ नावाच्या या सबंध मोहिमेत ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० लोक वाचविले गेले, काही समुद्रमार्गे व काही विमानाने.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेही, की माणसे वाहून आणावयाची तर त्यासाठी क्षेपणास्त्रे लादलेली महागडी नौका कशाला? प्रवासी बोटीत याहून अधिक माणसे मावतात. तोच पैसा शाळांना व दवाखान्यांना का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. संसार चालविणाऱ्या बाईने तो विचारला नाही तर कोणी विचारावा? त्याचे उत्तर ‘राहत’ मोहिमेतच आहे. ‘कावरत्ती’ आणि ‘कोरल’ या दोन प्रवासी बोटीही तेव्हा निघाल्या होत्या. पण चाच्यांच्या आणि युद्धाच्या पाण्यात त्यांना एकट्या पाठविता येत नव्हते. त्यांच्या सोबतीला युद्धनौका लागल्या. मघा सांगितलेली पाठराखीण ती हीच. तरीही मी असे म्हणणार नाही की, माणसे सोडविण्यासाठीच युद्धनौका बांधतात. त्या लढण्यासाठीच बांधतात, आणि तो दिवस न यावा हीच आपली प्रार्थना. सरकारने पैसा कोठे किती घालावा, याचा हिशेब आपण मागत राहिलेच पाहिजे. पण एडनच्या शिडीपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला त्या दिवशी ती नौका महाग वाटली नसेल, हेही त्या हिशेबात मांडले पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. जुन्या घराची डागडुजी करतात तशी या नौकेची मोठी दुरुस्ती व सुधारणा मुंबईच्या नौदल गोदीत झाली. त्यानंतर तिला पूर्व किनाऱ्यावरील ताफ्यात धाडले गेले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी ती विशाखापट्टणमला पोहोचली. म्हणजे आपली लेक आता आंध्रात नांदावयास गेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने कोलंबोला भेट दिली. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशियाजवळ अनेक देशांच्या नौदलांच्या संयुक्त सरावात तिने भाग घेतला. पंचविशी गाठत असतानाही तिचे फिरणे थांबलेले नाही.

शेवटी आपल्या मुलींविषयी. आम्ही लहान असताना मुलीने समुद्राकडे पाहावयाचे ते नारळीपौर्णिमेला. आज स्त्री अधिकारी युद्धनौकांवर काम करतात. नौदलाच्या जहाजाची प्रमुख होणारी पहिली स्त्री म्हणून २०२३ च्या डिसेंबरात प्रेरणा देवस्थळी यांचे नाव जाहीर झाले. त्यांचे शिक्षण आपल्या मुंबईतच झाले, आणि ‘त्रिंकट’ या नौकेची सूत्रे हाती येण्यापूर्वी त्या ‘चेन्नई’ या विनाशिकेवर काम करीत होत्या. तेव्हा पुढच्या नौदल सप्ताहात मंडळातर्फे आपल्या लेकीनातींना एखादे जहाज दाखवावयास न्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यांनी तोफा पाहाव्यात, मुदपाकखानाही पाहावा आणि सुकाणूही पाहावे. कोणते आपले, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

 मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि समुद्रावर असलेल्या सर्वांच्या लेकरांना सुखरूप घरी येण्याचे भाग्य लाभो, एवढे बोलून मी आपली रजा घेते.